नऊ दुकानं, उघडी शून्य

सरांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि विद्यापीठाला एकदम त्यांच्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं. गौरवग्रंथ काढायचं ठरलं. लेख शिष्यांनी लिहायचे, फोटो सरांच्या सुनेने शोधायचे आणि सरांच्या लेखनाची पहिल्यापासूनची यादी करायचं किचकट काम, अर्थातच, माझ्या गळ्यात. मी त्यांची नकाशाकार. सव्वीस वर्षं त्यांच्या पुस्तकांतले नकाशे मीच काढलेत. ते मला 'रेघ' म्हणतात आणि मी रागावले की 'वाकडी रेघ'. दिवसातून दोनदा तरी वाकडी असतेच मी.

सर आर्थिक आणि राजकीय भूगोलाचे. कारखाना कुठे निघतो, रस्ता कुठे वळतो आणि तो तिथेच वळावा हे कोण ठरवतं, हा त्यांचा विषय. नाव झालं ते 'कागदावर मेलेली गावं' या पुस्तकामुळे. त्याआधी काही वर्षं सरकारने एक निनावी अहवाल स्वीकारला होता. त्यात गावांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावली होती. 'ड' म्हणजे इथे यापुढे काही खर्च करायचा नाही. आधी बस बंद, मग शाळा, मग दवाखाना. सरांनी पुस्तकात त्या अहवालाची सालटी काढली. 'हा पाहणी करणारा गाडीतून खाली तरी उतरला होता का?' हे त्यातलं वाक्य विद्यार्थी अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात.

त्या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आमच्या गावावर आहे. आमचं गाव 'ड'. कॉलेजात असताना ते वाचून मी ढसाढसा रडले होते. नोकरी करीन तर याच माणसाकडे, म्हणून अर्ज केला आणि त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

बाबांचं गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बस गेली तशी गिऱ्हाइकं आटली, मी नववीत असताना आम्ही गाव सोडलं. आता ते माझ्याकडेच असतात, एक्क्याऐंशीचे आहेत आणि शेजारपाजारची घड्याळं जेवणाच्या टेबलावर उघडून बसतात. माणूस अगदी मऊ. फक्त माझ्या मामाचं नाव काढायची सोय नव्हती. मी सहा वर्षांची असताना आई गेली. त्या दिवशी मामा अंत्यविधीला आला खरा, पण गावातलं आपलं कापडाचं दुकान नोकराच्या हवाली करून उघडं ठेवून आला, असं कुणीतरी बाबांच्या कानात घातलं. सख्खी बहीण गेली त्या दिवशी! बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मामा गेल्या वर्षी वारला. बाबा गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही.

यादी बुधवारी प्रेसला जायची होती. सोमवारी सकाळी मी सरांच्या अभ्यासिकेत नकाशांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. त्यात एक बुटांचं खोकं होतं. खोक्यात पाहणीची कार्डं, पिवळी पडलेली, आणि वर त्या निनावी अहवालाचा हाताने लिहिलेला कच्चा खर्डा.

सरांना कुठूनतरी मिळाला असेल, असं मला वाटलं. मग मी कार्डं पाहिली. प्रत्येक कार्डावर कुत्री मोजलेली होती.

कुत्री फक्त आमचे सर मोजतात. रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपत असतील तर तिथे रहदारी नाही, हे ते पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. शिवाय अक्षर. सव्वीस वर्षं ते अक्षर वाचून माझे डोळे गेलेत, मला कोण फसवणार? तो अहवाल सरांनीच लिहिला होता.

 मग आमच्या गावाचं कार्ड शोधलंच. 'वेळ अकरा ते एक. दुकानं नऊ : किराणा दोन, गिरणी, कापड, घड्याळं, बेकरी, न्हावी, सायकल, औषधं. उघडी शून्य. सर्व दारांना कुलूप. रस्त्यावर माणसं शून्य. कुत्री तीन, रस्त्याच्या मधोमध झोपलेली. शेरा : गाव संपलेलं आहे.'

आणि वर तारीख. ती तारीख मला विसरता येत नाही. त्या दिवशी आमची आई गेली होती आणि सगळं गाव दुकानं बंद करून तिला पोचवायला गेलं होतं.

 रडूही येईना. आईवरच्या मायेपोटी गावाने कुलपं लावली आणि त्या कुलपांवरून या माणसाने गाव मेलं असं लिहून टाकलं!

सर खिडकीपाशी पेन्सिलीला टोक करत होते. मी कार्ड त्यांच्यासमोर आपटलं. त्यांनी पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"दोन वर्षांनी. पुन्हा गेलो होतो. बसथांब्यावर एका बाईने सांगितलं, की त्या दिवशी घड्याळवाल्याची बायको गेली होती. तोवर बस बंद करायच्या कागदावर सही झाली होती."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"पुस्तक लिहिलं ना मी. त्या माणसाला फाडून खाल्लं."

"नाव न घेता! नोकरी शाबूत, वर सत्कार! आणि मला कशाला घेतलंत?"

"अर्जावर तुझ्या गावाचं नाव होतं. वडिलांचा धंदाही." त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "रेघही चांगली होती तुझी, तेही खरंच आहे."

सव्वीस वर्षं मी समजत होते की माझ्या हाताच्या गुणावर मला घेतलं. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला.

"हा अहवाल यादीत घालायचा की नाही, ते तू ठरव," ते हळूच म्हणाले. "तू म्हणशील ते मला मान्य."

"वा! जन्मभर दुसऱ्यांच्या गावांचं ठरवलंत आणि स्वतःचं मी ठरवू?"

कार्ड पर्समध्ये टाकून मी तडक घरी आले. बाबांना सांगायचं की नाही, याचा रस्ताभर विचार केला. या वयात त्यांना काही झालं तर? पण माझ्याच्याने राहवेना. जेवणं झाल्यावर सगळं सांगितलं आणि कार्ड पुढे ठेवलं. ते चिडतील, शिव्या देतील, सरांच्या दारात नेऊन उभं कर म्हणतील, असं वाटलं होतं.

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. एकेक शब्द वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं ते हलेचना.

"कापड," ते म्हणाले. "कापडाला कुलूप आहे?"

"सगळ्यांनाच आहे, बाबा."

"नऊच्या नऊ?"

"हो."

"याने स्वतः पाहिलं? दाराशी जाऊन?"

"सर दाराशी गेल्याशिवाय लिहीत नाहीत." हे माझ्या तोंडून गेलं आणि मलाच कसंसं झालं.

बाबांनी भिंग काढलं. चेहरा पार उतरला होता. "तो म्हणत होता गं, बंद होतं म्हणून. चारचौघांत म्हणाला. मी म्हटलं, पुरावा दाखव. कुठून आणणार होता तो पुरावा?"

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता. टेबलावरची उघडी घड्याळं टिकटिकत होती.

"तुझ्या त्या यादीत घाल हे," ते म्हणाले. "आणि हे कार्डही छाप, आहे तसं. तुझ्या मामीला एक प्रत द्यायचीय मला. मी स्वतः जाणार आहे."