सुटलेला ‘अ’

“मावशी, जगात कुठेच अप्रत्यक्ष कर उरला नाही का हो?”

मालकांनी नुकताच छापलेला ताव टेबलावर पसरला. मालक असे गोड बोलायला लागले की छापखान्यातल्या उंदरांनाही घाम फुटायचा.

तावावर देशांचा तक्ता होता. कुठला देश आपला करभार कशावर किती टाकतो, याचं जाडजूड पुस्तक दरवर्षी इथेच छापलं जाई आणि त्याची मुद्रितं मावशी तपासत. डावा रकाना प्रत्यक्ष कराचा, म्हणजे पगारातून, नफ्यातून समोर उभं राहून मागितलेला. उजवा अप्रत्यक्ष कराचा, म्हणजे साबणात, मिठात, तिकिटात मिसळून न मागता घेतलेला. आज दोन्हींच्या डोक्यावर ‘प्रत्यक्ष’! एक ‘अ’ सुटला आणि सगळ्या देशांनी साबणावरचा कर माफ करून टाकला.

मावशींनी शहराची वेस कधी ओलांडली नव्हती, पण देश त्यांना नणंदा-जावांसारखे ठाऊक होते. एरवी म्हणायच्या, “हा थंडीतला देश पगारालाच चावतो. ते बेट बघा, पगाराला हात लावत नाही, पण दुकानात शिरलात की सोलून काढतं.” घरचं उदाहरणही तयार असे. “आमच्या सासूबाई म्हणजे अप्रत्यक्ष कर. तोंडाने कधी काही मागितलं नाही, पण उठता-बसता मी भरतच होते!”

आज विनोद सुचेना. त्यांनी भिंग काढलं, ताव नाकाशी नेला. रकाने दिसले. अक्षरांच्या जागी मुंग्या.

“शाई उठली नसेल, मालक,” मशीनवाला दारातून म्हणाला. “रूळ पुसायचा राहिला. माझीच चूक.”

“शाई उठली नसती तर ‘अ’ची जागा रिकामी दिसली असती. इथे शब्द कसा अगदी मधोमध बसलाय!” मालक मावशींकडे वळले. “डोळे ठीक आहेत ना? नसतील तर सांगा. एका नव्या माणसाशी बोलून ठेवलंय.”

आतल्या खोलीत फोन वाजला आणि ते गेले.

“खोटं कशाला बोललास रे?” मावशींनी विचारलं.

“मग काय करणार? परवा नेमका मी रजेवर होतो.”

“तुझ्या रजेचा इथे काय संबंध?”

मशीनवाला नखांतली शाई कोरत राहिला. “तुम्ही घरी गेलात की मी तुम्ही तपासलेल्या कागदांवर एकदा नजर फिरवतो. मागच्या पुस्तकापासून.”

“चुका सापडतात?”

“सापडतात… थोड्या.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“मालक सोडून सगळ्यांना.”

आपलं निभतंय, असंच मावशी समजत होत्या. निभत नव्हतं, कुणीतरी भरत होतं.

“म्हणजे मी तुझ्याकडून रोज वसूल करतेय, आणि मलाच पत्ता नाही?”

“असू द्या हो, मावशी.”

“असू द्या काय! अरे, मी सासूबाई झाले की!”

तो फस्सकन हसला. मग मावशी हसत नाहीयेत हे पाहून थांबला.

मालक परतले तेव्हा त्या उभ्या होत्या. “मालक, तो ‘अ’ मला दिसला नाही. बाकीचंही फारसं दिसत नाही. शाईचा दोष नाही.”

मालक खुर्चीत टेकले.

“हे पुस्तक मला पुरं करू द्या. हा वाचेल, मी ऐकेन. कान शाबूत आहेत. वाचायचे पैसे माझ्या पगारातून कापा आणि याच्या हातात द्या. सरळ, सांगून.”

मालकांनी तावाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “बरं. हे पुस्तक होऊ दे. पुढचं मात्र नवा माणूस बघेल.”

“बघू दे,” मावशी म्हणाल्या. ‘बघू दे’ म्हणताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

मशीनवाल्याने हात धुतले, स्टूल ओढलं. मावशींनी भिंग साडीच्या पदराने पुसलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. “घे. खालच्या टिपा बारीक असतात.”

तो वाचू लागला. पहिला रकाना झाला. दुसऱ्याशी येऊन त्याने घसा खाकरला आणि छपराला ऐकू जाईल असं म्हटलं, “अ! प्रत्यक्ष कर!”

“ओरडू नकोस रे,” मावशी डोळे मिटून म्हणाल्या. “तो गुपचूप घ्यायचा असतो.”