लाल पिशवीची गाठ

विभागाला मार्क द्यायला मी गेले होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल.

वय चौतीस. अकरा वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त, थुंकी आणि बाकीचं न सांगण्यासारखं तपासण्यात गेली. मग जीवशास्त्रात पीएचडी करायची खुमखुमी आली. तीन ठिकाणी अर्ज केले. दोघांनी वयाकडे बघून हात जोडले. तिसऱ्यांनी कळवलं, येऊन विभाग बघून जा, मग ठरवू. म्हणजे दार एकच उघडं, तेही किलकिलं. तरी या बाईसाहेबांनी एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता बनवला. मार्गदर्शक वेळ देतात का, यंत्रं चालू आहेत का, विद्यार्थी किती वर्षांत सुटतात, पिण्याचं पाणी थंड असतं का. आईने तक्ता वाचला आणि विचारलं, "अगं, तू त्यांना घेणारेस की ते तुला?"

तुला यातलं काही कळत नाही, असं मी तिला सुनावलं.

मार्गदर्शक मॅडम बुटक्या, हळू बोलणाऱ्या. माझ्या पहिल्या नऊ प्रश्नांना त्यांनी न वैतागता उत्तरं दिली आणि तासाला जाताना मला चौथ्या वर्षाच्या एका मुलीच्या हवाली केलं. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, काडीसारखी पोरगी. मॅडम ओरडतात का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही, त्या गप्प बसतात, ते जास्त वाईट. मी तक्त्यात सहा मार्क लिहिले.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली आणायला ती गेली आणि मी प्रयोगशाळेत एकटी उरले. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये चोवीस काचेच्या प्लेट्स, आणि प्रत्येकीत काठोकाठ हिरवी बुरशी. काय हा गलथानपणा! स्वच्छतेला दहापैकी दोन दिले. पण नुसते मार्क देऊन थांबेन तर मी कसली? आमच्याकडे बुरशी दिसली की प्लेट वाया गेली, पसरायच्या आत टाकायची. अकरा वर्षांची सवय, डोक्याआधी हात चालतात. चोवीसही प्लेट्स कोपऱ्यातल्या जंतूंच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत भरल्या, वर जंतुनाशक ओतलं, तोंड पिळून दुमडलं आणि दुहेरी गाठ मारली. हात धुतले. आपण उपयोगी पडलो म्हणून छान वाटत होतं.

मुलगी आली. रिकामा ट्रे बघून तिने विचारलं, ताई, इथल्या प्लेट्स कुठायत? खराब झाल्या होत्या, टाकल्या, असं मी अगदी ऐटीत सांगितलं. ती स्टुलावर मटकन बसली. ती बुरशी हाच तिचा प्रयोग होता. सहा आठवड्यांचा. हा विभाग बुरशीवरच काम करतो, दारावर पाटी आहे, माझ्या तक्त्यात तिसरा प्रश्न त्यावरच होता, आणि त्याला मी आठ मार्क दिले होते.

तेवढ्यात मॅडम आल्या. मुलगी उठली आणि म्हणाली, माझ्या हातून गेल्या मॅडम, खराब समजून टाकल्या. मॅडमनी पिशवीकडे बघितलं आणि प्रयोग परत लावायला सांगून निघून गेल्या.

"असं का सांगितलंस?" मी कुजबुजले.

"तुमची ॲडमिशन अजून व्हायचीय, ताई. माझी झालीय."

मी थँक्यू म्हटलं. एवढी घोडी झाले, आणि थँक्यू म्हणून जिना उतरले.

फाटकाजवळच्या बाकावर बसून तक्ता पुरा करायला घेतला. जित्याची खोड! अडतिसावा प्रश्न होता: विद्यार्थी एकमेकांना सांभाळून घेतात का? मी दहापैकी दहा लिहिले आणि मला लाज वाटली. हे दहा मार्क तिने माझ्यासाठी खोटं बोलून मिळवले होते, आणि मी ते घेऊन पळत होते. तशीच उठले, तीन मजले चढले.

मॅडमच्या दारातच सांगून टाकलं की प्लेट्स मी टाकल्या, ती मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तशी गाठ आमच्याकडे कुणाला मारता येत नाही. ती हॉस्पिटलची गाठ."

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. तुम्ही बोलताय का ते बघत होते, म्हणाल्या. माझ्या अर्जाचं काय, हे विचारायचा कोडगेपणाही मी केला. त्या गप्प बसल्या. ते खरंच जास्त वाईट असतं.

"ते सोमवारी कळवू," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी तिच्याकडे जा. चोवीस प्लेट्स लावायच्यात, आणि तिला हात दोनच आहेत."

मुलीने पायानेच दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. प्लेट्सचे नंबर लिहायला कागद हवा होता, मी तक्ता उलटा करून दिला.

सातव्या प्लेटला आईचा फोन आला. माझ्या हातात मोजे होते म्हणून मुलीनेच तो स्पीकरवर लावला.

"काय गं, घेतलं का त्यांनी तुला?"

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. "मी मात्र त्यांना घेतलं."

मुलीने आठवी प्लेट माझ्यापुढे ठेवली.