अंजली सिस्टर वॉर्डात आहेत

आमच्या हॉस्पिटलात वीस खाटा, सात सिस्टर आणि नर्स एकच. हे कोडं नाही, कारभार आहे. सातही जणींना पेशंट सिस्टरच म्हणतात. पण नर्सिंग शिकलेली, परीक्षा दिलेली, सरकारदरबारी नोंद असलेली एकटी अंजली. बाकीच्या सहा जणी बघून बघून शिकल्या. त्यातली सिंधुबाई तर वीस वर्षांपूर्वी फरशी पुसायला आली होती. आता पेशंटची शीर सापडत नसली की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारतात. सरकारी तपासणीला माणसं आली की तिला गच्चीवर पाठवतात.

अंजलीचं नोंदणीचं प्रमाणपत्र रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेममध्ये, गणपतीच्या तसबिरीशेजारी. या दोघांच्या कृपेवर हॉस्पिटल चालतं.

मी नवनाथ, रिसेप्शनवरचा क्लार्क. फोन उचलायचा, पत्रं टाइप करायची, हजेरीचं मस्टर लिहायचं. अंजली आली त्या दिवसापासून डॉक्टरसाहेबांची मला सक्त ताकीद आहे: अनोळखी माणसानं नर्सची चौकशी केली तर उत्तर एकच, ‘अंजली सिस्टर वॉर्डात आहेत, ड्यूटीवर.’ ती सुट्टीवर असली तरी हेच. एकदा तिला डेंगी होऊन ती दुसऱ्या हॉस्पिटलात सलाइनवर पडली होती, तेव्हाही आमच्याकडे ती ड्यूटीवरच होती. सहा वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं, की घरी बायकोनं विळी कुठंय विचारलं तरी मी वॉर्डात म्हणायचा बाकी होतो.

अंजली वणीची. वडील कोंडाजी सप्तशृंगीच्या यात्रेकरूंना नारळ आणि ओटीचं सामान विकतात. पोरीनं ठरवलं आयर्लंडला जायचं. आधी इंग्रजीची परीक्षा. बोलण्याच्या पेपरात विषय आला, तुम्ही निवांत वेळ कसा घालवता. निवांत वेळ तिच्या वाट्याला कधी आला होता? खरं तेच सांगितलं आणि नापास झाली. पुढच्या वेळी रोज पोहायला जाते असं ठोकून दिलं आणि पास झाली. आमच्याकडे सहा वर्षं राहून एवढंच काय ते खोटं तिला जमलं, आणि तेही घाबरत घाबरत.

मग लागलं अनुभवाचं पत्र. डॉक्टरसाहेबांनी चार महिने ‘बघू’ म्हणून काढले. शेवटी अट घातली: पत्र देतो, मूळ प्रमाणपत्रही घेऊन जा, पण त्याची कलर झेरॉक्स फ्रेममध्ये राहील आणि मस्टरमध्ये नावही राहील. अडला हरी... म्हण सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या साहेबांना पाय कुणाचे तेही ठाऊक होतं. अंजली हो म्हणाली.

पत्र मनाविरुद्ध दिलं तरी श्रेय कोण सोडतो? चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. ‘आमच्या हॉस्पिटल परिवाराची लेक, सहा वर्षांच्या सेवेनंतर आयर्लंडला रवाना. दि. ११ फेब्रुवारी. हार्दिक शुभेच्छा!’ साहेब हात जोडून माणसाच्या उंचीचे, अंजलीचा फोटो पासपोर्टएवढा. मार्चमध्ये तपासणीची माणसं आली. त्यांनी गाडी त्याच फ्लेक्सच्या सावलीत लावली. आत येऊन मस्टर बघितलं. अंजली हजर. चहा घेतला, सही केली, गेली. वर बघायची पद्धत नाही आपल्याकडे.

तिकडचा नियम असा, की आधी सहा आठवडे त्यांच्या हॉस्पिटलात काम करून दाखवायचं, मग लायसन्स. अंजलीनं ते केलं. लायसन्स हातात पडायच्या बेतात असताना एका दुपारी आमचा फोन वाजला. बाई हिंदीत बोलत होती. नर्सची कागदपत्रं तपासायची आहेत म्हणाली. अंजली सिस्टर तुमच्याकडे होत्या का? मला वाटलं, पुन्हा तपासणी. आहेत ना, मी म्हणालो, वॉर्डात आहेत, ड्यूटीवर. आत्ता? आत्ताच काय, सहा वर्षांत एक खाडा नाही, मी वरून फोडणी दिली. बाईनं आभार मानले. आपण प्रसंग निभावला म्हणून मी खूश होऊन चहा मागवला.

आठ दिवसांनी अंजलीचा व्हॉट्सअॅपवर कॉल आला. त्या हिंदी बोलणाऱ्या बाईच्या अहवालावरून तिकडच्या नर्सिंग कौन्सिलनं तिला विचारलं होतं: तुम्ही इथे आहात, आणि तुमचं हॉस्पिटल म्हणतं तुम्ही नाशिकला वॉर्डात आहात. मग याच हॉस्पिटलनं दिलेल्या अनुभवाच्या पत्रावर विश्वास का ठेवावा? अठ्ठावीस दिवसांत खुलासा हवा, हॉस्पिटलकडून, डॉक्टरांच्या सहीनं. नाहीतर अर्ज बाद आणि परतीचं तिकीट.

“दादा, तो फोन तुम्ही उचलला होता का?” तिनं विचारलं.

हो म्हणालो. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, ती फेब्रुवारीत गेली असं मी सहीनिशी लिहून दिलं, तर मार्चच्या तपासणीत हजर होती ती कोण? थोडक्यात, बघू. असे वीस दिवस बघण्यात गेले. तेविसाव्या दिवशी वणीहून कोंडाजी आले. काउंटरवर पाच नारळांची पिशवी ठेवली आणि हळूच विचारलं, “भाऊ, माझी पोर तिकडं खोटी ठरली का? ती लय घाबरून बोलत हाय.”

पोर नाही हो, खोटा मी, हे म्हणायची माझी छाती झाली नाही. पण त्यांना तिथेच बसवून मी केबिनमध्ये शिरलो. माझ्या नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा साहेबांशी न विचारता बोललो. “साहेब, ती ११ फेब्रुवारीला गेली हे आपणच चौकात लिहिलंय. वीस फुटांचं. फेसबुकवर आपल्याच नावानं आहे, चारशे लाइक आहेत. कुणी तपासणीवाल्यांना पाठवलं म्हणजे?”

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, सही करतो, पण मजकूर मी सांगतो तसा. मी टाइप करत गेलो: अंजली ११ फेब्रुवारी रोजी सेवेतून मुक्त झाली. फोनवरील माहिती ही रिसेप्शन क्लार्कच्या गंभीर निष्काळजीपणामुळे दिली गेली. सदर क्लार्कला तत्काळ कामावरून काढून टाकण्यात आले आहे. शेवटच्या ओळीला माझी बोटं थांबली. साहेब म्हणाले, घाबरतो काय, कागदावरच आहे. उद्या नेहमीसारखा ये.

पत्र गेलं. मीही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा गेलो. तेव्हापासून अंजली आयर्लंडात असून आमच्या मस्टरमध्ये हजर आहे आणि मी रोज हजर असून हॉस्पिटलात नाही. माझं नाव वॉचमनच्या यादीत घातलंय.

पंधरा दिवसांनी अंजलीला लायसन्स मिळालं. कोंडाजींनी गडावर साडीचोळी केली, आम्हाला पेढे आले. साहेबांनी नव्या फ्लेक्सची ऑर्डर दिली. या वेळी तारीख टाकू नका, असं बजावून. संध्याकाळी अंजलीचा कॉल आला. त्यांच्या वॉर्डात अकरा नर्स, म्हणाली, आणि दादा, अकराही खऱ्या. मग म्हणाली, “एक काम कराल का? भिंतीवरचं माझं नाव काढा. तिथे कुणाला काही झालं तर ते माझ्या नावावर व्हायला नको.”

काढतो म्हणालो. माझ्यामुळे तिचं सगळं पाण्यात जाता जाता राहिलं होतं. एवढं तरी करायलाच हवं होतं. स्टुलावर चढलो, फ्रेम काढली, धूळ पुसली. तेवढ्यात एक म्हातारी काउंटरशी आली. हरसूलची होती. सुनेला नऊ नंबरच्या खाटेवर सलाइन लावलं होतं, तिला थंडी वाजून हातपाय कापायला लागले होते. “भाऊ, शिकेल नर्स हाय ना कोणी?” तिनं विचारलं.

फ्रेम माझ्या हातातच होती.

“आहेत ना,” मी म्हणालो. “अंजली सिस्टर वॉर्डात आहेत, ड्यूटीवर.”

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. ती वळली. मी ओरडून सिंधुबाईला नऊ नंबरवर पळायला सांगितलं. मग फ्रेम होती तिथे अडकवली आणि ती सरळ आहे ना, ते बघून खाली उतरलो.