बंड्याचे पाय

डॉक्टर श्यामकांत प्रधानांनी चिमट्याने बंड्याच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, तो बारीक आवाजात कण्हला. पाय मात्र मागे ओढला नाही. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तरी पाय उडाला नाही.

दुर्गा टेबलापासून दोन हात लांब उभी होती. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, आणि नवरा, जयवंत, सीमा सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात. बंड्या त्याचा. तिला कुत्र्यांची भारी भीती. आजवर ती भाकरीची ताटली काठीने पुढे सरकवत आली होती. मग बंड्याचे मागचे पाय लटपटू लागले, पाठोपाठ पुढचेही गेले, आवाज बसला. कुत्रा पिसाळला, म्युनिसिपालटीची गाडी बोलवा, असं लालबागची ती सगळी चाळ म्हणू लागली. तेव्हा शेजारच्या कमलाबाईंना सोबत घेऊन तिने त्याला हातगाडीवरून परळच्या जनावरांच्या इस्पितळात आणलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. खातोय, नीट गिळतोय, माणसं ओळखतोय, शेपूट हलवतोय. ही पिसाळल्याची लक्षणं नव्हेत. कण्यातून पायांकडे जाणाऱ्या नसांना सूज आली होती. ती बहुधा आपोआप उतरते, पण फार वेळ घेते.

"औषध काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"याला औषध नाही. कूस बदलत राहायची, पाय चोळायचे, वाकवायचे. नाहीतर नसा बऱ्या होतील, पण पाय आखडलेलेच राहतील. घरी कोण करणार हे?"

कमलाबाईंनी दुर्गाकडे पाहिलं. दुर्गाने पदर खोचला, आणि डोळे मिटून बंड्याच्या पायावर हात ठेवला.

सुरुवातीला ती तोंड फिरवून पाय चोळी. पुढे ती त्याच्या मानेखाली हात घालून पेज भरवू लागली. पाय वाकवताना गावच्या गोष्टी सांगू लागली. जयवंतशी ती इतकं कधी बोललीच नव्हती. थंडी सरता सरता बंड्या भिंतीला टेकून उभा राहिला.

जयवंत सुटून आला, तेव्हा चाळीने त्याला हार घातले. बंड्या लंगडत सामोरा गेला. त्याचे वाळलेले पाय पाहून जयवंतने काय झालं ते विचारलं. आजारी होता, एवढंच दुर्गा म्हणाली. बाकीचं कमलाबाईंनी सांगितलं.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन बसली. जयवंत शेजारी येऊन बसला आणि बंड्याचा पाय हातात घेतला.

"असा नाय," दुर्गा म्हणाली. "ढोपरातून वाकवा."

त्याच्या हातावर हात ठेवून तिने दाखवलं. पाय वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. बंड्या घोरू लागला, तरी तिने हात काढला नाही.