घरापुरता आवाज

लिफ्टवाले काका जन्मभर लोकांच्या इमारतींतल्या अडकलेल्या लिफ्ट चालू करत आले, पण बायको अंथरुणाला खिळली तेव्हा हात चोळत बसण्यापलीकडे त्यांना काही सुचेना. शेवटी त्यांनी एक उद्योग काढला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून जुना कॉम्प्युटर आणला, घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि सीडी एकेक करून त्यात उतरवल्या आणि तो वायफायला जोडला. आता पलंगाजवळच्या स्पीकरवर हवं ते गाणं लागायचं. काकी डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "अहो, आवाज कमी करा. आजारी आहे मी, बहिरी नाही."

कॉम्प्युटरवाल्याने आकड्यांचा एक पत्ता दिला होता. तो मोबाईलमध्ये टाकला की गाण्यांची यादी उघडायची. काकांनी हौसेने तो परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोनवर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लागलं, बाबा! मस्तच!" काकांना आभाळ ठेंगणं झालं.

मग डॉक्टरांनी हात टेकले. काकींनी नवऱ्याकडून वचन घेतलं की पोरीला फोनवर यातलं अवाक्षर सांगायचं नाही. तिची नोकरी नवी, रजा मागितली तर घरी बसवतील. घरात फोन एकच, तोही काकींच्या उशाशी, आणि बोलणं सगळं स्पीकरवर. आईला साधा अशक्तपणा आहे, एवढंच लेकीला ठाऊक.

काकांनी पळवाट काढली. फोनवर बोलायचं नाही ना, मग गाण्यांत बोलायला कुणाची मनाई? दुपारी काकींचा डोळा लागल्यावर ते स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसले. "बाळा, आई आता थोड्या दिवसांची सोबती आहे. ती तुला बोलावणार नाही, म्हणून मी बोलावतोय. असशील तशी निघ." हे त्यांनी यादीच्या अगदी शेवटी टाकलं.

पुढच्या फोनला त्यांनी जपून विचारलं, "शेवटचं ऐकलंस का गं?"

"हो, बाबा. शेवटचं तर फारच छान आहे."

काकांनी तसाच फोन ठेवला. काकी मात्र हसल्या. "बघा, लेक तुमच्यावरच गेलीय."

लेक आली नाही. काका चडफडत राहिले. औषधं, कपडे, रात्रीची जागरणं, सगळं त्यांनी त्या रागाच्या जोरावर ओढलं. अगदी शेवटी काकींनीच हार मानली. काकांचा हात धरून म्हणाल्या, "पोरीला बोलवा हो. एकदा बघू दे."

"कळवलंय तिला," काका म्हणाले. "यायचं नाही तिला."

काकींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

लेक आली ती आई गेल्यावर. काकांनी तिला जवळसुद्धा घेतलं नाही. माणसं पांगल्यावर तिनेच विचारलं, "बाबा, मला का नाही कळवलंत?"

"वर तोंड करून विचारतेस? गाण्यांच्या शेवटी जीव तोडून सांगितलं, ये म्हणून! ऐकलंस, छान म्हणालीस आणि बसलीस तिथेच!"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तो पत्ता फक्त ह्या घरातल्या वायफायवर चालतो. बाहेर नाही लागत. मी पहिल्याच दिवशी टाकून पाहिला होता, काहीच उघडलं नाही."

"मग छान काय होतं?"

"तुम्ही इतके खूश होतात... तुमचं मन मोडवेना."

 इतके दिवस ज्या रागाने काकांना उभं ठेवलं तो असा एका वाक्यात हातातून गेला, आणि त्याच्या जागी काय आलंय हे बघायचीही त्यांना भीती वाटली. भिंतीकडे वळलेली ती मान डोळ्यांपुढून हलेना.

लेक त्यांच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ रडून झाल्यावर तिने विचारलं, "शेवटी आईने विचारलं का मला?"

"नाही गं," काका म्हणाले. "शुद्धच नव्हती तिला."

तिने डोळे पुसले. "बरं झालं. निदान माझी वाट तरी नसेल पाहिली."

"हो," काका म्हणाले.