जांभळ्या भातातलं नाव

माझ्या अक्षरांना गोलाई नाही. मी फॉन्ट बनवते, आणि हा नवा नुसत्या चौकोनांचा आहे: 'न' म्हणजे वर आडवी पट्टी, उजवीकडे उभी पट्टी आणि गाठीच्या जागी एक ठोकळा. दुकानाची पाटी, पोस्टर, कबड्डीचा टी-शर्ट, जे लांबून दिसायला हवं तिथे तो शोभतो, असं माझं म्हणणं. पुण्यातल्या कंपनीचं म्हणणं, वाचताच येत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी सरळ आंदर मावळात घरी आले, भाताच्या लावणीला.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, लॅपटॉपवर पाहिलं नि म्हणाले, ही तर चारसूत्री लावणी. आमच्याकडे गाठी मारलेली दोरी ताणून, ठरल्या अंतरावर, चार चुडांचा, म्हणजे रोपांच्या चार जुड्यांचा, एकेक चौकोन करत भात लावतात. आबा चेष्टा करत होते, पण मला तिथेच सुचलं. आमचं खाचर रस्त्याच्या खाली, एसटीतून सगळं दिसतं. जांभळ्या पानांच्या भाताची रोपं आबांनी हौसेनं केलेलीच होती. हिरव्यात जांभळं लावून गावाचं नाव लिहायचं. एसटीतल्या माणसांना वाचता आलं तर फॉन्ट खरा, नाहीतर मी तो कायमचा पुसणार होते.

आबा रस्त्यावर चढले, डोळे बारीक करून खाली खाचराकडे पाहिलं आणि सांगितलं, अक्षरांची उंची दुप्पट कर, वरून बघणाऱ्याला चेपलेलं दिसेल. कंपनीत हे कुणालाही सुचलं नसतं. मग खाली येऊन हळूच म्हणाले, "गावाचं नाव पाटीवर हाय. तुज्या आयचं कुटंच न्हाई. सातबाऱ्यावर बी न्हाई. तीस वरसं हितं तीच वाकतिया."

आई चौथी शिकलेली. पण खाचरात वाकलेल्या माणसाला अक्षर दिसत नाही, चिखल तेवढा दिसतो. मी गाठी मोजून सांगायची, इथे जांभळी, इथे हिरवी, आणि ती लावत जायची. आपल्या गावाचं नाव एवढं लांबलचक कधी झालं, म्हणून एकदा कुरकुरलीसुद्धा.

श्रावणात एका उघडिपीच्या दिवशी आम्ही तिघं बाजार करून एसटीने परतत होतो. वळण आलं नि खाली आमचं खाचर दिसायला लागलं. मोईनभाऊ कंडक्टर खिडकीकडे वाकले आणि दुकानाची पाटी वाचावी तसं सहज वाचलं, "नंदाबाई." मग मागे वळून म्हणाले, "मावशी, तुमचंच नाव ना हे?"

मला तर नाचावंसं वाटलं. सगळी एसटी आईकडे बघायला लागली. ती खिडकीशी गेली, काचेवर बोट फिरवत एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचलं आणि पदर तोंडाला लावला. आबा मुद्दाम पलीकडच्या खिडकीतून डोंगर बघत होते. मला वाटलं, आता ही रडणार.

"माज्या नावात गवत झालंय," ती म्हणाली. "उद्या बेणून काढते."