साऱ्या गावाचा जन्म एक जूनचा

मी एक जुने जनरल रजिस्टर आहे. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख ज्यात लिहितात, ते. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणते. खरे पाहता आपली मैत्री कधी नव्हती. तुम्ही माझ्यात एकेका ओळीचे धनी आहात, आणि ती ओळसुद्धा तुमच्यातल्या अनेकांना जास्तच झाली.

आजवर माझ्याकडे जो आला तो स्वतःची माहिती विचारायला आला. माझी माहिती कुणी विचारली नाही. तेव्हा आता मीच सांगते, आठवेल तशी. माझा जन्म १९४० सालचा, नगरच्या एका बुकबाइंडरच्या दुकानातला. पाठ लाल कातड्याची, अंगावर अबरीचा निळा नक्षीदार कागद, पाने दोनशे, वजन सुमारे अडीच शेर. बेलापूर स्टेशनापर्यंत मी आगगाडीने आले आणि तिथून तीन कोस बैलगाडीने, गुळाच्या ढेपांशेजारी बसून. त्या प्रवासाची आठवण मला आवडत नाही. डोक्याला चापून तेल लावलेले लोक माझ्यावर वाकले की मला किळस येते. भुईमुगाच्या शेंगा फोडत लिहिणारे मास्तर मी पाहिले आहेत, आणि त्यांची टरफले अजून माझ्या शिवणीत आहेत. एकदा एका पालीने माझ्यामागे अंडी घातली होती, पण तो विषय नको.

घरच्यांबद्दलही सांगितले पाहिजे. हजेरीपट हे माझे धाकटे भाऊ. वर्षभर जगतात, रोज हाताळले जातात आणि शेवटी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातात. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा जे हजेरीपट आले ते तर नखाने फाटत. मी त्यांच्याशी बोलत नसे. थोरला भाऊ म्हणजे शेरेबुक. वर्षातून एकदा तपासणीला येणारे डेप्युटी साहेब त्यात शाळेविषयी शेरा लिहीत. त्याच्याशी मात्र माझे बरे होते, कारण त्यात माझे नाव येई. ‘जनरल रजिस्टर स्वच्छ. खाडाखोड नाही. लाल शाईची दुरुस्ती एकही नाही.’ ओळीने सात वर्षे हाच शेरा होता, आणि माझ्या लाकडी कपाटात मला त्या सात ओळी तोंडपाठ होत्या.

या स्वच्छतेचे श्रेय हेडमास्तर दत्तोपंतांचे. त्यांचे अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. टाक दौतीत बुडवून ते कडेला निथळून घेत, मगच माझ्यावर टेकवत. माणूस कडक, पण कामाचा. त्यांनी मला जी शिस्त लावली ती गावाला साता जन्मांत लागली नसती.

आता गावाची हुशारी सांगते. जून महिन्यात शाळा उघडली की बाप पोरांना धरून आणीत. मास्तर विचारीत, जन्म कधीचा? मग जी उत्तरे येत ती ऐकून मला हसावे की रडावे कळत नसे. कुणी म्हणे, तांबड्या बैलाला बिबट्याने मारले त्या साली. कुणी म्हणे, थोरल्या चुलत्याच्या लग्नाच्या मांडवात. एकाने तर सांगितले, बाजरी चांगली आली होती तेव्हा. स्वतःच्या म्हशीचे वेत ज्यांना दिवसासकट आठवे, त्यांना पोटच्या पोराची तारीख ठाऊक नसे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दत्तोपंत असल्या बाजारगप्पा माझ्यात शिरू देत नसत. ते पोराकडे एक नजर टाकत, सहा किंवा सात वर्षे धरत, चालू सालातून वजा करत आणि लिहीत, १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा जन्मही जूनमध्येच झालेला बरा. त्यामुळे माझ्या पानांवर न्हाव्याचा मुलगा, पाटलाचा मुलगा, जुळे नसलेले सख्खे भाऊ, सारे एकाच दिवशी जन्मले आहेत. रकाना वरून खालपर्यंत एकसारखा दिसे. मला तो फार शोभून दिसे.

जून १९४१ मध्ये छगन वाकचौरे नावाचा शेतकरी मुलीला घेऊन आला. मुलींना शाळेत घालण्याचे खूळ तेव्हा गावात नवे होते. मुलीचे नाव छबू. हाडापेराने बारीक, परकर दोनदा दुमडून नेसलेला. त्या दिवशी माझ्यात चौदा नावे चढवायची होती आणि मास्तरांना भूक लागली होती. छगन म्हणाला, असेल सहासात वर्षांची. दाराशी त्याची बायको आक्काबाई पदर दाताखाली धरून उभी होती. ती गौरींचे आणि गोदावरीच्या पाण्याचे काहीबाही बोलत होती. छगनने मागे वळून पाहिले तशी गप्प झाली. मास्तरांनी लिहिले, १ जून १९३५. शाई वाळली आणि पान उलटले गेले.

छबू मात्र टिकली. मुली चौथीपर्यंत येत आणि मग शेण-गोठ्यात नाहीशा होत. मी त्यांच्यापुढे ‘शाळा सोडली’ असे लिहून घेई आणि विसरून जाई. ही बिगरीपासून सातवी, म्हणजे फायनलपर्यंत पोचली. मास्तर तिला शाळा सुटल्यावर गणित शिकवीत. मधल्या काळात इंग्रज गेला, झेंडा बदलला, भिंतीवरची तसबीर बदलली. माझा रकाना बदलला नाही.

१९४९ च्या मे महिन्यात छबू फायनल पास झाली, केंद्रात मुलींमध्ये पहिली. तिला नगरला मास्तरणींच्या ट्रेनिंगला जायचे होते. छगनने एकच अट घातली होती. या साली नंबर लागला तर जा, नाही तर दिवाळीनंतर लग्न. बेलापूरच्या एका घराशी बोलणे झालेच होते, आणि त्यांना शिकलेली सून नको होती. ट्रेनिंगसाठी सोळा वर्षे पुरी पाहिजेत असा त्या साली अर्जावर छापील नियम होता. माझ्या हिशेबाने छबूला नुकते चौदावे पुरे झाले होते. प्रश्न मिटला, असे मला वाटले. दोन वर्षांनी या, आणि तोवर लग्न झाले असेल तर सासरहून या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आक्काबाई शाळेत आली. आठ वर्षांपूर्वी दारात अडलेली बाई या वेळी थेट टेबलापर्यंत आली. तिच्या हातात कोपरगावच्या कचेरीतला एक उतारा होता. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि तिचे माहेर कोपरगावाजवळ गोदाकाठी. तिथल्या पाटलाने जन्माची नोंद केली होती आणि ती कचेरीत पोचली होती. बाई एकटी आगगाडीत बसून गेली, दोन दिवस कचेरीच्या ओट्यावर बसली आणि कागद घेऊन आली. त्यावर लिहिले होते, ६ सप्टेंबर १९३२, छगन वाकचौरे यांस मुलगी.

दत्तोपंतांनी कागद दोनदा वाचला आणि परत केला. म्हणाले, यात मुलीचे नाव कुठे आहे? ही कुणीही मुलगी असू शकेल. मी कपाटातून मनातल्या मनात मान डोलावली. कायदा म्हणजे कायदा.

“मास्तर, नाव बाराव्या दिशी ठेवत्यात,” आक्काबाई म्हणाली. “जल्माच्या दिशी कुठून आनू नाव? आन मला दुसरी लेक न्हाई.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “तुमी लिवत हुता तवा मी दारातच हुते. नववं सरत आलंय, गौरी यायच्या आदल्या दिशीची हाय, म्हनून सांगितलं बी. तुमी वर बघितलंच न्हाई.”

हे खरे होते. तेव्हा मी तिथेच होते, उघडी होते आणि मला ऐकू आले होते. तरी त्या क्षणी मला राग आला तो तिचाच. बाईमाणसाच्या तोंडच्या गौरींसाठी माझ्या अंगावर लाल रेघ ओढायची? दुरुस्ती म्हणजे नुसती रेघ नसते. शेजारी कारण लिहावे लागते, सही करावी लागते आणि त्याखाली डेप्युटी साहेबांची सही घ्यावी लागते. मास्तर म्हणाले, बघतो. मोठी माणसे नाही म्हणण्याऐवजी बघतो म्हणतात, हे आक्काबाईलाही ठाऊक असावे. ती उतारा टेबलावर ठेवून निघून गेली.

पुढच्या गुरुवारी डेप्युटी साहेब तपासणीला आले. मला पुसून टेबलावर मांडले होते. साहेबांनी पाने चाळली, शेरेबुक उघडले आणि आठव्या वर्षीही तोच शेरा लिहायला पेन काढले. तेवढ्यात छबू दाखला न्यायला आली. आई बाहेर पायरीवर बसली होती. मास्तरांनी माझ्यावरून उतरवून दाखला लिहिला, १ जून १९३५, आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी गुण पाहिले, तारीख पाहिली आणि हळहळले. एवढी हुशार मुलगी, पण वय कमी पडते, म्हणाले. मग सहज तिला विचारले, “तारीख बरोबर आहे ना गं?”

छबूला खरी तारीख माहीत होती. उतारा टेबलावरच्या काचेखाली दिसत होता. तिने एकदा मास्तरांकडे पाहिले, आणि खाली बघून म्हणाली, “मास्तरांनी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल, साहेब.”

मित्रांनो, मी तेव्हा किती फुगले म्हणून सांगू! पोरीला माझा गुण लागला, असे मला वाटले. पण मास्तरांनी काचेखालचा उतारा काढून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दाखला उचलला, मधोमध फाडला आणि लाल शाईची दौत मागवली. तिचे बूच घट्ट बसले होते, ते काढायलाच वेळ लागला.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “दत्तोपंत, विचार करा. अंदाजाने तारीख लिहिली असे तुम्ही लिहून दिलेत, तर मला बाकीच्या नोंदींबद्दलही विचारावे लागेल.”

“विचारा,” मास्तर म्हणाले. “सगळ्याच अंदाजाच्या आहेत. हिची तेवढी मला खरी ठाऊक आहे. ठाऊक असून खोटी ठेवली, तर मी हिला आठ वर्षे काय शिकवले?”

मग त्यांनी रेघ ओढली. टाक निथळायचे विसरले, त्यामुळे शेजारी एक थेंबही पडला. त्यांनी लिहिले, ‘मुलीच्या आईने सांगूनही मी विचारले नाही. अंदाजे लिहिले. चूक माझी. खरी जन्मतारीख ६ सप्टेंबर १९३२.’ खाली सही केली. साहेबांनी नोंद उताऱ्याशी ताडून पाहिली आणि आपलीही सही केली. आक्काबाईला आत बोलावून मास्तरांनी नवा दाखला तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो लेकीकडे दिला, आणि छबूने तारीख दोनदा मोठ्याने वाचली.

मी संतापाने जळत होते. शेरेबुकात त्या वर्षी लिहिले गेले, ‘दाखल नोंदी बेफिकिरीने केलेल्या आढळतात.’ दिवाळीआधी दत्तोपंतांची हेडमास्तरी गेली आणि दूरच्या एका लहान शाळेत त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला हातात घेतले, ते पान उघडले आणि मिटले. मी त्यांचा निरोप घेतला नाही. मला डाग लावणारा माणूस, एवढेच मी त्यांना मानत होते. छबू ट्रेनिंगला गेली होती, त्याचेही मला सोयरसुतक नव्हते.

नंतरचे हेडमास्तर शहाणे निघाले. त्यांनी पुन्हा एक जून सुरू केला आणि माझा रकाना पुन्हा सुरेख दिसू लागला. मी भरले, कपाटाच्या तळाशी गेले. आता माझ्यातली पोरे म्हातारी होऊन दाखला मागायला येतात. नोकरीतून निघायची वेळ आली की त्यांना वय आठवते. मी प्रत्येकाला एक जून काढून देते. ते चष्म्यातून बघतात, हसतात आणि म्हणतात, ही काही आपली तारीख नव्हे, पण आता चालायचेच. त्यांची आई विचारायला उरलेली नसते. एका म्हाताऱ्याने त्या दिवशी ती ओळ बोटाने चाचपली आणि विचारले की माझी खरी कोणती, हे कुठे मिळेल? आजवर मी सगळ्यांना अडाणी म्हणत आले, आणि माझ्यापाशी त्या माणसाला सांगण्यासारखे काहीही नव्हते.

तेव्हा मित्रांनो, मला नवे पुठ्ठे घाला, वाळवी झटका, असे मी म्हणणार नाही. माझी काळजी घेण्यासारखे माझ्यात फारसे नाही. आज घरी जा आणि आई आहे तोवर तिला विचारा की मी कधी झालो. ती बैलाचे सांगेल, पुराचे सांगेल, गौरींचे सांगेल. ती सांगेल ते नीट ऐकून घ्या.

माझ्यात अकराशे बेचाळीस नावे आहेत. त्यांतली एकच जन्मतारीख खरी आहे, आणि तिलाच मी एवढी वर्षे डाग म्हणत आले.